मिनूच्या घरी पाणी आलं

चार शब्दांचं एक वाक्य समोर घेऊन बसू या. घाई कसलीच नाही.

मिनूच्या घरी पाणी आलं.

आता या वाक्याकडे बघा, पण ते वाचू नका. वरची शिरोरेघ बघा. तिला लोंबणाऱ्या दांड्या, गोल, गाठी बघा. शेवटच्या अक्षरावरचं टिंब बघा. अर्थ मात्र आत येऊ देऊ नका.

जमत नाही ना? नजर पडायचा अवकाश, की वाचून झालेलं असतं. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली हे प्रयोगानं दाखवलं. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापायचा आणि समोरच्याला फक्त शाईचा रंग विचारायचा. माणूस हमखास अडखळतो, कारण रंग ओठावर येईपर्यंत शब्द वाचून झालेला असतो. येणारी शिंक जशी आवरत नाही, तसं हे वाचन आवरत नाही.

मुलांना वाचायला शिकवणाऱ्याची पहिली अडचण इथेच आहे. त्याला स्वतःला वाचता येतं. आणि वाचता येत नव्हतं तेव्हा हे कागद कसे दिसायचे, ते त्याला काही केल्या आठवत नाही. लिपी ही माणसाच्या इतिहासात अगदी अलीकडची, जेमतेम पाच हजार वर्षांची गोष्ट. तिच्यासाठी मेंदूत जन्मतः राखून ठेवलेली जागा नाही. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या प्रौढांचे मेंदू तपासले. त्यात लहानपणी शाळेत गेलेले होते, मोठेपणी अक्षरं शिकलेले होते आणि कधीच न शिकलेलेही होते. मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे आणि खालच्या अंगाला एक भाग आहे, जो एरवी चेहरे आणि वस्तू ओळखण्याच्या कामी असतो. शिकलेल्यांत त्याचा काही अंश अक्षरांच्या कामाला लागलेला दिसला, मोठेपणी शिकलेल्यांतसुद्धा. म्हणजे पहिलीच्या वर्गात पाटीवर वाकलेल्या मुलीच्या डोक्यात जागेची नव्यानं वाटणी चाललेली असते. आपण मात्र तिला म्हणतो, "आत्ता तर वाचलंस ना हे!"

म्हणून आधी आपलंच वाचन थोडं परकं करून घेऊ.

घरात पणजोबांच्या वेळचं एखादं खरेदीखत असेल तर ते मनासमोर आणा. मोडीतलं. शिरोरेघ आधीच पानभर आडवी ओढलेली, खाली हात न उचलता लिहीत गेलेली अक्षरं, दोन शब्दांत जागा सोडलेली नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. भाषा तुमच्या घरातलीच. कुणी वाचून दाखवलं तर बरंचसं कळेल, न कळलेलं विचारता येईल. पण कागद काही बोलत नाही. त्याच्यासमोर थोडा वेळ बसा आणि आपण काय करतो ते बघा. डोळा आधी शिक्का शोधतो. मग तारीख. मग मन अंदाज बांधायला लागतं: जमिनीचा कागद आहे, म्हणजे इथे कुठेतरी गावाचं नाव असणार, हे दोन नावांच्या मधलं 'वल्द', म्हणजे अमक्याचा मुलगा, असेल. हा अंदाज लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता उलट बाजू. देवनागरीतलंच एखादं संस्कृत स्तोत्र घ्या, किंवा नेपाळी वर्तमानपत्र. अक्षर न् अक्षर ओळखीचं. मोठ्यानं वाचलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, काय सुरेख वाचतात! आणि वाचणाऱ्याला अर्थाच्या नावानं फारसं काही लागलेलं नसतं.

पहिल्या कागदात भाषा होती, लिपी नव्हती. दुसऱ्यात लिपी होती, भाषा नव्हती. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली वाचनाची जी साधी मांडणी केली ती एवढ्यातच बसते: लिपी उलगडणं आणि भाषा समजणं, यांचा गुणाकार म्हणजे वाचून समजणं. त्यांनी बेरीज घेतली नाही, यावर क्षणभर थांबा. बेरजेत एका बाजूची कमतरता दुसरी बाजू भरून काढते. गुणाकारात एक बाजू शून्य असली की सगळंच शून्य. मोडीच्या कागदापुढे तुमचं मराठी कितीही चांगलं असलं तरी उपयोग झाला नाही, तो याचमुळे.

घरी मराठी बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा ते त्या मोडीच्या कागदासमोर बसलेलं असतं. मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल मराठी शाळेत येतं तेव्हा त्याच्यापुढे दोन्ही कागद एकावर एक ठेवलेले असतात. कोरकू मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. दोन्ही मुलांना हजेरीपटावर ओळ एकेकच मिळते, आणि वर्षअखेरीला शेरा बहुधा एकच: वाचता येत नाही.

हा शेरा मला फार मोठा वाटतो. त्यात नेमकं काय येत नाही ते कुठेच नसतं. वाचन शिकवण्याच्या शास्त्रात ज्या संज्ञा आहेत, ध्वनिभान, लिपी उलगडणं, ओघ, शब्दसंपत्ती, आकलन, त्यांचा माझ्या लेखी एकच उपयोग: मूल कुठे अडलंय ते बोट ठेवून सांगता यावं. बाकी प्रशिक्षणात पाठ करून घेण्यासाठी त्या असतील तर त्यांच्यावाचून कुणाचं अडलेलं नाही.

आता डोळे मिटा. लिपी बाजूला. नुसता 'पाणी' हा शब्द मनात नाही, ओठांनी, अगदी सावकाश म्हणा. ओठ आधी मिटतात, मग उघडतात, जीभ मागे वळून टाळूला लागते. आता याचे तुकडे करा. 'पा' आणि 'णी' सहज सुटले. आता 'पा'चे तुकडे करा. नुसता 'प्' म्हणून बघा. म्हणता येत नाही. मागून 'अ' चिकटून येतोच. तो वेगळा आहे हे आपल्याला पटतं, कारण आपल्याला काना माहीत आहे. लिपी न शिकलेल्या कानाला 'पा' हा एकसंध ठोकळा असतो.

बोललेल्या शब्दांचे आवाज सुटे ऐकू येणं, त्यांच्याशी खेळता येणं, याला ध्वनिभान म्हणतात. त्याला पाटी-पुस्तक काही लागत नाही. आपली मुलं ते शाळेबाहेर भरपूर कमावतात. भेंड्या खेळणारं मूल गाण्याचं शेवटचं अक्षर अचूक तोडून घेतं आणि त्यावरून दुसरं गाणं काढतं. त्याला ते अक्षर लिहिता येत नसलं तरी. 'च'ची भाषा बोलणाऱ्या मुली तर 'पाणी'चं 'चणीपा' करतात, ते इतक्या झपाट्यानं की मोठ्या माणसांना पत्ता लागत नाही. शब्द तोडला, तुकडे उलटवले, पुढे 'च' जोडला. जिला हे येतं तिला वर्गात 'पा आणि णी मिळून काय होतं?' हे अवघड जाण्याचं कारण नाही. जात असेल, तर अडचण कानात नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे. मी पहिलीची शिक्षिका असते तर जूनचा सगळा महिना भेंड्यांना दिला असता. पर्यवेक्षकांनी विचारलं असतं, तर वाचनाचा तास चालू आहे असं सांगितलं असतं, आणि ते खोटं ठरलं नसतं.

डोळे उघडा. वाक्यातलं पहिलंच अक्षर घेऊ: मि.

डोळ्याला डावीकडून आधी काय भेटतं? वेलांटी. तोंडानं आधी काय म्हणायचं? म्. म्हणजे बघण्याचा क्रम एक आणि बोलण्याचा दुसरा. मुलीचं बोट वेलांटीवर आलेलं आहे, तिला ती 'इ' असल्याचं ठाऊक आहे, पण ती 'इ' आत्ता म्हणायची नाही, धरून ठेवायची आहे. पुढे जायचं, म घ्यायचा, मागे यायचं, दोन्ही एकत्र करायचे, मग उच्चार करायचा. आपल्याला हे कधी जाणवत नाही. जाणवून घ्यायचं असेल तर फोनवर 'मि' टाइप करा. म आधी दाबावा लागतो, वेलांटी नंतर. आणि पडद्यावर ती वेलांटी म वरून उडी मारून त्याच्या अलीकडे जाऊन बसते. नेमकी हीच उडी मुलीला मनात मारायची असते. तिचं बोट तिथे थबकलं, तर ते थबकणं रास्त आहे.

पुढे नू. मग च्या. अर्धा च, त्याला य, त्याला काना. अर्धा म्हणजे काय, हे मुलाला सांगताना आपण 'च'ची दांडी काढून टाकतो. पण र जोडाक्षरात आला की त्याचे अवतार सुरू होतात: सूर्यात तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, चक्रात तिरकी रेघ होऊन पोटाखाली जातो, राष्ट्रात टोपीसारखा ट च्या तळाशी बसतो आणि दऱ्याखोऱ्यांत त्याचा चंद्र आडवा होतो. एका आवाजासाठी चार सोंगं. मुळाक्षरांच्या तक्त्यावर यातलं एकही नसतं.

तक्त्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकते. 'अ अननसाचा, आ आईचा' ही रीत, ङ आणि ञ सोडले तर, छान चालते ती ण पर्यंत. ण नं मराठी शब्द सुरू होत नाही. मग तिथे 'ण बाणाचा'. ळ चंही तेच, 'ळ बाळाचा'. इतका वेळ चित्रातल्या शब्दाचा पहिला आवाज धरायला शिकलेलं मूल बाणाचं चित्र बघून 'ब' म्हणतं, आणि ओरडा खातं. खरं तर वर्गातल्या सर्वांत शहाण्या मुलानंच 'ब' म्हणायला हवं.

आपली लिपी म्हणजे बोलतो तसं लिहितो, असं आपण अभिमानानं सांगतो. तेही जरा तपासू. वाक्यातला दुसरा शब्द घरी. त्याच्या शेजारी मनात घर लिहा. घ आणि र, दोन्ही पूर्ण अक्षरं, दोन्हींत अ. पण आपण बोलताना शेवटचा अ टाकून देतो. 'गडबड' लिहिताना चार पूर्ण अक्षरं. बोलताना दुसऱ्याचा आणि चौथ्याचा अ गळतो. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा, लिहायला एकच, ज मात्र दोन. शेवटच्या 'आलं'वरचं टिंब घ्या. 'आंबा'त ते टिंब म् सारखं वाजतं, 'खंत'मध्ये न् सारखं. 'आलं'मध्ये ते नाकात जातच नाही, नुसता अ जरा लांबतो.

कुठला अ गिळायचा, कुठलं टिंब कसं म्हणायचं, हे कुणी शिकवत नाही. मग मुलं हे करतात कसं? मूल घ... र... असं चाचपत येतं, 'घअरअ' असं काहीतरी विचित्र तोंडातून बाहेर पडतं, आणि तेवढ्यात कान सांगतो, अरे, हे तर घर! तोंड आपोआप नीट होतं. शब्द आधीपासून ओळखीचा होता म्हणून लिपीची फट बुजली. डेव्हिड शेअर यांनी १९९५ मध्ये मांडलेलं सूत्र हेच आहे: अक्षरं जोडत शब्दापर्यंत पोचण्याचा प्रत्येक यशस्वी प्रयत्न मुलाला त्या शब्दाचं रूप शिकवून जातो; मूल बरंचसं वाचन स्वतःच स्वतःला शिकवतं. अट एवढीच, की पोचल्यावर ओळखीचं कुणीतरी भेटलं पाहिजे. कोरकू घरातल्या मुलाला 'घअरअ' नंतर कुणी भेटत नाही. ते तसंच म्हणत राहतं, आणि आपण समजतो की त्याला अक्षरं येत नाहीत.

तिसरा शब्द पाणी. इथे जास्त वेळ थांबायला हवं.

मुलगी हा शब्द बघते आणि म्हणते, "पानी."

शिक्षक म्हणतात, "पानी नाही, पाणी. ण. ण. जीभ वळव." मुलगी पुन्हा म्हणते, पानी. वर्ग हसतो.

तिनं वाचलं की नाही? पान बघा, ओठ बघू नका. तिनं पा ओळखला, णी ओळखली, दोन्ही जोडले, आणि तिच्या घरात ज्या गोष्टीला पानी म्हणतात ती गोष्ट तिच्या मनात आली. तांब्यातली, हंड्यातली. वाचन पूर्ण झालं. उरला तो उच्चार, आणि तो तिच्या बोलीचा आहे, चुकीचा नाही. तिला तिथल्या तिथे दुरुस्त केलं की ती एक गोष्ट पक्की शिकते: कागदावरची अक्षरं आपल्या घरातल्या शब्दांची नाहीत. हा धडा फार लवकर शिकवला जातो आणि फार उशिरापर्यंत टिकतो. प्रमाण उच्चार शिकवू नये असं मी म्हणत नाही. तो ऐकण्याबोलण्याच्या तासाला शिकवावा. वाक्याच्या मध्यात, मुलीचं बोट तिसऱ्या शब्दावर असताना शिकवू नये.

आता मागे सरून आकड्याकडे बघा. चौतीस व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या वर रूपं, ॲ आणि ऑ धरून चौदाखडी म्हटली तर आणखी, वर जोडाक्षरं. इंग्रजीची २६ अक्षरं मूल काही महिन्यांत शिकतं आणि पुढची कित्येक वर्षं स्पेलिंगात घालवतं. आपल्याकडे उलटं, चिन्हं भरपूर पण भरवशाची. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांत केलेल्या अभ्यासात, २००७ साली छापलेल्या, दिसलं की अक्षरांचा हा साठा पुरता हाती यायला मुलांना चौथीपर्यंत वेळ लागतो. कन्नड आणि देवनागरी यांची घडण एकाच जातीची. तेव्हा दिवाळीपर्यंत बाराखडी आणि नाताळपर्यंत जोडाक्षरं ही घाई कुणाची आहे, हे एकदा स्वतःला विचारा. मुलाची नक्कीच नाही.

आणि चारशे रूपं पाठ होईपर्यंत मुलानं वाचायचं काय? इथे फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेतलं मॅक्सिन बर्नसन यांचं काम आठवतं. अमेरिकेत जन्मलेल्या, भाषाशास्त्र शिकलेल्या या बाई फलटणला येऊन राहिल्या, आणि मुळाक्षरांचा क ख ग घ हा क्रम शिकवण्यासाठी आवश्यक नाही, हे त्यांनी करून दाखवलं. थोडी अक्षरं, एखादं स्वरचिन्ह घ्यायचं, आणि लगेच शब्द वाचायला लागायचं. तुम्हीही करून बघा. क, म, ल आणि काना, एवढंच घ्या. काका, मामा, काम, काल, लाल, मका, माल, मला, कमाल. तीन अक्षरांत मूल काकाकडे मका मागू शकतं. क ख ग घ ङ या ओळीनं पहिल्या आठवड्यात त्याला काय मागता आलं असतं? वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या जागांनुसार लावलेला आहे, देखणा आहे, मोठेपणी कळला की माणूस थक्क होतो. सहा वर्षांच्या मुलाला तो कळण्याची सोय नाही.

पुन्हा वाक्याकडे. या वेळी मुलीचं बोट चालू द्या आणि आवाज ऐका.

"मला पहिली वेलांटी मि. नला दुसरा उकार नू. अर्ध्या चला य, याला काना, च्या."

सगळं बरोबर. आता तिला विचारा, कोणता शब्द झाला? ती तुमच्याकडे बघते. 'च्या' तिच्या हातात आहे, 'नू' अंधुक झाला आहे, 'मि' कधीच गेला. मनात एका वेळी मावतं ते थोडंच, आणि ते सगळं वेलांट्या-उकारांच्या नावांनी भरून गेलं. वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत मिनू कोण हे विचारण्यात अर्थ नाही.

म्हणून ओघ लागतो. ओघ म्हणजे नुसता वेग समजू नका. अक्षरं ओळखण्याचं काम इतकं हलकं व्हावं, की उरलेलं मन अर्थासाठी मोकळं सुटावं. निपुण भारत या २०२१ साली सुरू झालेल्या केंद्राच्या अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द, समजून, असं लक्ष्य आहे. त्यातला 'समजून' हा शब्द घड्याळात मोजता येत नाही, म्हणून प्रत्यक्षात तो पहिल्यांदा गळतो आणि वर्गात घड्याळ तेवढं उरतं.

ओघासारखं दिसणारं एक सोंगही आहे. वर्ग एका सुरात, हेल काढून म्हणतो: "मिनूच्याऽऽ घरीऽऽ पाणी आलंऽऽ." मागच्या बाकावरच्या मुलाचा आवाज सगळ्यांत मोठा. जवळ जाऊन त्याचं बोट बघा: तोंडाचं वाक्य संपलं तेव्हा बोट 'घरी'वर आहे. पान उलटं धरलं तरी त्याचा धडा थांबणार नाही. त्याला पाठांतर उत्तम येतं, आणि एका शब्दाला एक बोट हे अजून जुळलेलं नाही. त्याला हवं आहे ते नेमकं एवढंच. त्याला बाराखडी पुन्हा गिरवायला बसवलं तर त्याचा आजार एक आणि औषध दुसरंच.

आणि एक मुलगी वाचते, "मिनूच्या नळाला पाणी आलं." पुस्तकात चित्र नळाचं आहे. मोडीच्या कागदासमोर तुम्ही जे केलंत, तेच तिनं केलं. १९६७ साली अमेरिकेत केनेथ गुडमन यांनी वाचन म्हणजे अंदाजाचा खेळ असल्याचं मांडलं, आणि पुढे कित्येक वर्षं तिकडच्या शाळांत मुलांना अडलं की चित्र बघ, अंदाज कर, असं शिकवलं गेलं. नंतरच्या अभ्यासांतून दिसत गेलं की सरावलेला वाचक बहुतेक सगळे शब्द बघतो आणि अक्षरांवरूनच ओळखतो. अंदाजावर भिस्त असते ती कच्च्या वाचकाची. मला ही मुलगी तरीही आशादायक वाटते. वाक्याला अर्थ असतो हे तिला पक्कं ठाऊक आहे, हेल काढणाऱ्या मुलापेक्षा ती त्या बाबतीत पुढे आहे. तिला हळूच एवढंच म्हणायचं, "या शब्दात न कुठे दिसतो, दाखव बरं." ती शोधेल, तिला घ दिसेल, आणि ती स्वतःच हसेल.

राहता राहिलं आकलन. धड्याखालचे प्रश्न घेऊ. कोणाच्या घरी पाणी आलं? मिनूच्या. मिनूच्या घरी काय आलं? पाणी. दोन्ही बरोबर, दोन गुण.

आता हे वाचा: झिपूच्या बरी टाणी आलं. कोणाच्या बरी टाणी आलं? झिपूच्या. झिपूच्या बरी काय आलं? टाणी. तुम्हालाही दोन गुण मिळाले. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी पालघरमधल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये वर्गांत बसून जो अभ्यास केला, त्यातही दिसलं की वेळ जातो तो अक्षरं घोटण्यात आणि फळ्यावरचं उतरवून घेण्यात. अर्थाबद्दल बोलणं क्वचित. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातली तिसरीतली २०.५ टक्केच मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. ही पाहणी मूल अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट, कुठल्या पायरीपर्यंत येतं ते बघते, आणि देशाच्या तब्येतीसाठी तेवढं पुरेसं आहे. एका मुलाशेजारी बसलेल्या माणसाला त्याहून बारीक बघावं लागतं.

तेव्हा वाक्य शेवटचं एकदा वाचा आणि विचारा: पाणी आलं म्हटल्यावर मिनूच्या आईनं काय केलं असेल?

चाळीत वाढलेलं मूल म्हणेल, पहाटे उठून हंडे-कळशा भरल्या. मराठवाड्यातलं म्हणेल, टँकरकडे धावली, सगळ्यात आधी पाइप टाकला. सांगली-कोल्हापुराकडचं, २०१९ च्या ऑगस्टमधला पूर घरच्यांकडून ऐकलेलं मूल म्हणेल, गाद्या माळ्यावर टाकल्या, म्हैस सोडली आणि आजीला घेऊन शाळेत राहायला गेली. कौलारू घरातलं म्हणेल, खाली पातेलं ठेवलं. चौघांनी एकच वाक्य वाचलं, लिपी सारखीच उलगडली, आणि चार वेगळी घरं उभी केली. कुणाचं उत्तर चूक? पुढचं वाक्य वाचल्याशिवाय ठरवता येणार नाही, आणि पुढचं वाक्य वाचायची इच्छा होते ती अशीच.

सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवत. त्या मुलाला विचारायच्या, आज कुठला शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द कार्डावर लिहून त्याला द्यायच्या. दुसऱ्या दिवशी ओळखला नाही तर कार्ड फेकून द्यायच्या. दोष मुलाला नाही, त्या शब्दात त्याचं काही नव्हतं. १९६३ चं त्यांचं 'टीचर' हे पुस्तक मराठीतही आलेलं आहे. पुराचं पाणी बघितलेल्या मुलाला त्यांनी 'पाणी' हे कार्ड दिलं असतं, तर ते फेकावं लागलं नसतं.

उद्या एखाद्या मुलाशेजारी बसाल तेव्हा 'येतं' किंवा 'येत नाही' लिहू नका. वाक्य एकच ठेवा आणि त्याच्याखाली जे दिसलं ते लिहा. उदाहरणार्थ: वेलांटीपाशी थांबते, पण स्वतःच सावरते. 'च्या' आज पहिल्यांदा एका दमात. 'घअरी' म्हणून मग आपणच 'घरी' केलं. पाणीला पानी म्हणते, अर्थ लागला, टोकायचं नाही. पूर आलेला म्हणाली, आईनं शेळी सोडली असं सांगत बसली, गोष्ट लांबली, तास संपला. उद्या: त्या, ज्या, ल्या, आणि शेळीचं पुढे काय झालं ते तिच्या शब्दांत लिहून तिलाच वाचायला देणे.